‘आमचा अंतर्गत प्रश्न’ : एका युक्तिवादाचा प्रवास

१.

‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, बाहेरच्यांनी त्यात लक्ष घालू नये’ हे वाक्य आंतरराष्ट्रीय राजकारणात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की ते आता कोणा एकाचे राहिलेले नाही. ज्याच्यावर आरोप होतो, तो ते उच्चारतो. मात्र एकाच देशाने एका पिढीत या वाक्याचा जगासमोर पराभव करावा आणि पुढच्या पिढ्यांत त्याच वाक्याचा आश्रय घ्यावा, असे सहसा घडत नाही. भारताच्या बाबतीत ते घडले. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत, दक्षिण आफ्रिकेने हे वाक्य उच्चारले आणि भारताने ते खोडून काढले. २००१ साली डर्बनमध्ये, वंशवादविरोधी जागतिक परिषदेत, ते भारताने उच्चारले. १९४६ मध्ये ज्या लोकांसाठी भारत भांडला, त्यांच्या लढ्याचे केंद्र हेच डर्बन शहर होते. इतिहास कधी कधी स्थळाची निवडही अर्थपूर्ण करतो.

मानवी हक्क आणि लोकशाही ही मूल्ये परराष्ट्रधोरणाचा भाग असावीत का, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा अमेरिकेच्या निमित्ताने होते. कार्टर यांनी १९७७ मध्ये मानवी हक्कांची भाषा सुरू केली आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री तेहरानमध्ये इराणच्या शहांचे गुणगान केले, हे आपण सांगतो. लोकशाहीच्या नावाने २००३ मध्ये इराकवर लादल्या गेलेल्या युद्धाचा दाखला देतो. हे दाखले खरेच आहेत. पण तिथे निवाडा करणे सोपे जाते, कारण दांभिकता दुसऱ्याची असते. भारताचे उदाहरण अधिक अवघड आहे आणि म्हणूनच अधिक शिकवणारे आहे. १९४६ ची भारताची भूमिका खरी होती, धाडसी होती आणि तिची किंमतही भारताने मोजली होती. दांभिकतेचा शिक्का मारून ती बाजूला सारता येत नाही. प्रश्न असा आहे, की अशा खऱ्या भूमिकेचे पुढे काय होते.

२.

नाताळमध्ये उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी १८६० पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले गेले. त्यांच्यामागोमाग व्यापारी गेले, आणि १८९३ मध्ये एका व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी मोहनदास गांधी नावाचे तरुण बॅरिस्टर गेले. गांधी आणि यान स्मट्स यांचा दीर्घ झगडा आणि १९१४ चा समझोता ही कथा सर्वपरिचित आहे. तुरुंगात गांधींनी स्वतः चामड्याच्या चपला बनवल्या, त्या स्मट्स यांना दिल्या आणि स्मट्स यांनी त्या जपून ठेवून गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने परत पाठवल्या, ही आठवणही अनेकदा सांगितली जाते. ती गोड असल्यामुळे एक गोष्ट विसरली जाते. भारतीयांना दुय्यम नागरिक ठरवणाऱ्या कायद्यांची मालिका १९१४ नंतरही चालूच राहिली.

१९४६ च्या जूनमध्ये स्मट्स यांच्याच सरकारने एक कायदा केला. भारतीयांनी जमीन कोठे घ्यावी आणि कोठे राहावे यावर त्याने कडक बंधने घातली. त्याचबरोबर त्यांना मताधिकाराचा एक तुकडा देऊ केला, पण त्यांच्या वतीने संसदेत बसणारे प्रतिनिधी गोरेच असावेत, अशी त्यात अट होती. लोकांनी याला ‘घेट्टो कायदा’ म्हटले. १३ जून १९४६ रोजी डर्बनमध्ये अम्बिलो रोड आणि गेल स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील मोकळ्या जागेत सत्याग्रहींनी तंबू ठोकले. तिथे गोऱ्या टोळक्यांनी हल्ले केले, पोलिसांनी अटका केल्या. पुढील दोन वर्षांत सुमारे दोन हजार माणसे तुरुंगात गेली. युसुफ दादू आणि मॉन्टी नायकर हे दोन डॉक्टर या लढ्याचे नेते होते.

हिंदुस्थान तेव्हा स्वतंत्र नव्हता. तरीही तेथील सरकारवर लोकमताचा इतका दाब होता, की दक्षिण आफ्रिकेतील आपले उच्चायुक्त, वऱ्हाडचे बॅरिस्टर रामराव देशमुख, यांना त्याने परत बोलावले. २२ जून रोजी संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार दाखल केली आणि जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. दक्षिण आफ्रिकेवर अशी व्यापारबंदी घालणारा हा पहिला देश. ज्या देशाला स्वतःचे परराष्ट्रधोरण असण्याचा हक्क अजून मिळालेला नव्हता, त्याने मानवी हक्कांच्या प्रश्नावर आपल्या परराष्ट्रधोरणाचा आरंभ केला, ही या प्रकरणातील पहिली लक्षणीय बाब.

३.

२ सप्टेंबर १९४६ रोजी अंतरिम सरकार आले आणि विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ न्यूयॉर्कला गेले. त्यात मुंबईचे न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला होते. समोर स्वतः स्मट्स होते. या सामन्यातील विरोधाभास लिहिणाऱ्याने रचलेला वाटावा असा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या उद्देशिकेचा मूळ मसुदा स्मट्स यांच्या हातचा होता. मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार त्या उद्देशिकेत आहे, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ही भाषा लिहिताना आपल्या देशातील काळी आणि सावळी माणसे या शब्दांच्या आत येतात, असे बहुधा त्यांच्या मनातही आले नव्हते. साम्राज्याच्या सुसंस्कृत जगात हे शब्द गोऱ्या माणसाने गोऱ्या माणसाशी केलेल्या करारासारखे होते. भारताने १९४६ मध्ये केले ते एवढेच, की तो मजकूर अक्षरशः वाचला.

स्मट्स यांचा बचाव सनदेच्याच दुसऱ्या कलमातील सातव्या पोटकलमावर उभा होता. एखाद्या देशाच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रातील बाबींत संघाला हस्तक्षेप करता येणार नाही, असे ते पोटकलम सांगते. ज्यांच्याविषयी तक्रार आहे ते आमचे नागरिक, कायदा आमचा, जमीन आमची. मग हा विषय बाहेरच्यांचा कसा? भारताचे उत्तर दुपदरी होते. एक पदर कायद्याचा होता. या लोकांविषयी १९२७ मध्ये केपटाऊन येथे दोन्ही सरकारांत करार झाला होता. ज्या विषयावर दोन देश करार करतात, तो एकाचा अंतर्गत विषय कसा राहील? दुसरा पदर अधिक दूरगामी होता. मानवी हक्कांचा आदर करण्याचे बंधन सनदेने प्रत्येक सदस्यावर घातले आहे. ते बंधन स्वीकारताच हा विषय केवळ अंतर्गत राहत नाही. छागला यांनी कायद्याची बाजू मांडली. पंडित यांनी प्रश्न नैतिक पातळीवर नेला आणि आशिया-आफ्रिकेतील कोट्यवधी लोक या निकालाकडे पाहत आहेत, याची आमसभेला जाणीव करून दिली.

प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवावे, अशी सूचना दक्षिण आफ्रिकेने केली. ब्रिटन आणि अमेरिका तिच्या बाजूचे होते. ८ डिसेंबर १९४६ रोजी फ्रान्स आणि मेक्सिको यांनी मांडलेला ठराव मतास आला. भारतीयांना मिळणारी वागणूक दोन देशांतील करारांना आणि सनदेला धरून असावी, असे तो म्हणत होता. बाजूने ३२ मते पडली, विरोधात १५; सात देश तटस्थ राहिले. दोनतृतीयांश बहुमत आवश्यक होते. बाजूचे एक मत उलटून विरोधात गेले असते, तर ठराव पडला असता. ज्या ब्रिटनचा अंमल दिल्लीत अजून चालू होता, त्याच ब्रिटनच्या भूमिकेविरुद्ध दिल्लीच्या शिष्टमंडळाने हा विजय मिळवला होता.

मतदानानंतरचा एक प्रसंग विजयालक्ष्मी पंडित यांनी ‘द स्कोप ऑफ हॅपिनेस’ या आत्मचरित्रात सांगितला आहे. त्या स्मट्स यांच्याकडे गेल्या. वादाच्या भरात आपल्याकडून गांधींच्या शिकवणीला न शोभणारे काही बोलले गेले असेल तर क्षमा असावी, असे त्या म्हणाल्या. वृद्ध सेनानींनी त्यांचा हात हातात घेतला आणि हा विजय पोकळ आहे, असे बजावले. या मतदानामुळे मी पुढच्या निवडणुकीत सत्ता गमावीन, पण तुमच्या हाती काही लागणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

४.

स्मट्स यांचे भाकीत अर्धे खरे ठरले. १९४८ च्या मे महिन्यात ते पराभूत झाले. त्यांची स्वतःची जागाही गेली. मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत तत्त्व बनले. १९५० च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने तर १९४६ चा कायदा सौम्य वाटावा, अशी स्थिती आणली. परराष्ट्रधोरणातून मानवी हक्कांचा पुरस्कार केल्याने काय साधते, असे विचारणाऱ्याला हा प्रसंग नेहमी उपयोगी पडतो. बाहेरून दाब आला, की आतले लोक अधिक कडवे होतात. मदत करायला जावे आणि पीडितांचे दुःख वाढावे.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु तो हिशेब लवकर बंद करतो. भारताची मूळ तक्रार केवळ भारतीय वंशाच्या लोकांपुरती होती, ही तिची मोठी मर्यादा. बहुसंख्य आफ्रिकी जनतेचा प्रश्न त्यात नव्हता. पण आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा १९४६ मध्ये स्वतः न्यूयॉर्कला आले होते. एका छोट्या समाजाची तक्रार जगाच्या सभागृहात ऐकली जाते, हे त्यांनी पाहिले. १९४७ च्या मार्चमध्ये झुमा, नायकर आणि दादू यांनी सहकार्याचा करार केला. तिघेही डॉक्टर, म्हणून तो ‘डॉक्टरांचा करार’ म्हणून ओळखला जातो. तो कागदावर सोपा आणि रस्त्यावर कठीण होता. १९४९ च्या जानेवारीत डर्बनमध्येच आफ्रिकी आणि भारतीय लोकांत भीषण दंगल झाली. तरीही १९५२ मध्ये भारतासह तेरा आशियाई-अरब देशांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे विषय नेला, तेव्हा तो भारतीयांचा उरला नव्हता. संपूर्ण वर्णभेदाचा झाला होता.

भारताने आपला शब्द दीर्घकाळ पाळला, हेही नोंदवले पाहिजे. व्यापारबंदी १९९३ पर्यंत टिकली. भारतीय पारपत्रावर ते दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नसल्याचा शेरा असे. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न लढता सोडून दिला. राष्ट्राच्या इतिहासात असे काही पराभव असतात, की ज्यांची नोंद विजयांच्या यादीत व्हायला हवी.

५.

परंतु १९४६ च्या त्याच वादात एक सूर होता, त्याच्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने भारतातील जातिव्यवस्थेकडे बोट दाखवले गेले: ज्यांच्या घरात अस्पृश्यता आहे, त्यांनी आम्हाला समतेचे धडे द्यावेत काय? हा युक्तिवाद वाईट हेतूने केलेला होता. आरोपीने फिर्यादीचे दोष दाखवले, तर त्याचा स्वतःचा गुन्हा कमी होत नाही. भारतीय प्रतिनिधींनी तो बाजूला सारला, हे योग्यच झाले. मात्र वाईट हेतूने उच्चारलेले विधान खोटेच असते, असे नाही.

त्याच उन्हाळ्यात, १९४६ च्या जुलैच्या सुमारास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंची स्थिती आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती यांत इतके साम्य आहे, की पहिलीचा अभ्यास करणे आपल्याला आवश्यकच वाटते, असे त्यांनी कळवले. निग्रोंच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. अस्पृश्यही तसेच करण्याचा विचार करीत आहेत, म्हणून त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉइस यांनी ३१ जुलैला सहानुभूतीचे उत्तर पाठवले.

तारखांचा हा मेळ पाहण्याजोगा आहे. जूनमध्ये भारत सरकार नाताळच्या भारतीयांची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवते आणि काही आठवड्यांतच भारतातील अस्पृश्यांचा नेता त्याच दाराकडे जाण्याचा विचार करतो. जो दरवाजा भारताने एका तक्रारीसाठी उघडला, तो त्या एका तक्रारीपुरता उघडा राहणार नव्हता.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच दिसते. मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा जुना इंग्रजी शब्दप्रयोग होता. त्याजागी ‘सर्व मानव’ असा शब्दप्रयोग यावा, असा आग्रह त्यांनी धरला आणि १० डिसेंबर १९४८ रोजी मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात तो आला. मतदानात विरोधी मत एकही नव्हते. आठ देश तटस्थ राहिले, त्यांत दक्षिण आफ्रिका होती. पण ज्या देशाच्या प्रतिनिधीने जगाच्या जाहीरनाम्यात हा शब्द बदलून घेतला, त्या देशात हिंदू स्त्रीला वारसा आणि घटस्फोट यांचे हक्क देणारे विधेयक अडकून पडले होते. हंसा मेहता घटनासमितीत त्यासाठी झगडत होत्या. १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे विधेयक बारगळणे हे एक प्रमुख कारण होते. ते कायदे तुकड्यातुकड्यांनी १९५५-५६ मध्ये आले.

यावरून भारत बाहेर एक बोलत होता आणि घरात दुसरे करीत होता, असा सरळ निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. प्रौढ मताधिकार पहिल्याच दिवसापासून सर्वांना मिळाला. बाहेर उच्चारलेल्या शब्दांनी घरातल्या सुधारकांना बळ दिले असेही म्हणता येते, कारण हंसा मेहता आणि आंबेडकर यांच्यासाठी ‘बाहेर’ आणि ‘घर’ अशा दोन भाषा नव्हत्याच. दोन भाषा हव्या होत्या त्या राज्यसंस्थेला.

६.

राज्यसंस्थेची ही गरज मराठी वाचकाने एकदा अगदी जवळून पाहिली आहे. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. परकी वृत्तपत्रांनी टीका केली, तेव्हा सरकारचे उत्तर ठरलेले होते: हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. डेव्हिस चषक सोडून दिल्याला तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते. त्या डिसेंबरात कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, देशाचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. तुरुंगवासात प्रकृती खालावलेल्या जयप्रकाश नारायण यांना आराम पडावा म्हणून त्या व्यासपीठावरून त्यांनी प्रार्थनेचे आवाहन केले आणि लेखनस्वातंत्र्याविषयी निर्भयपणे बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

या प्रसंगाची चर्चा आपण लेखकाचे धैर्य या अंगाने खूप केली आहे. दुसरे अंगही पाहावे. ज्या खात्याने तीन दशके जगाला ‘हक्कांचा प्रश्न कोणाचाही केवळ अंतर्गत नसतो’ असे सांगितले, त्या खात्याचा मंत्री समोर बसलेला होता, आणि तेच सत्य त्याला सांगणारी व्यक्ती बाहेरची नव्हती. यशवंतराव रसिक आणि सुसंस्कृत होते, म्हणून ते व्यासपीठ शक्य झाले. पण सुसंस्कृतपणा व्यासपीठाच्या पायरीपाशी थांबला.

७.

आता डर्बनकडे वळू. ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये तिथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. वर्णभेदातून मुक्त झालेल्या देशाने ती भरवावी, यात औचित्य होते. भारतातील दलित संघटनांचे प्रतिनिधी मोठ्या संख्येने तिथे गेले. जन्मावर आणि कामावर आधारलेल्या भेदभावाचा उल्लेख परिषदेच्या मसुद्यात व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती. भारत सरकारने तिला विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे. भारतात राज्यघटना आहे, आरक्षण आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. हा आमचा अंतर्गत प्रश्न असून आम्ही तो सोडवीत आहोत, असा सरकारी युक्तिवादाचा सूर होता. अंतिम घोषणापत्रात जातीचा उल्लेख आला नाही.

सरकारची बाजू पूर्णपणे पोकळ होती, असे मानू नये. जात आणि वंश एक नाहीत, हे आंद्रे बेते यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाने त्या वर्षी आग्रहाने मांडले होते. जातीला वंशाचे रूप देणे म्हणजे शास्त्राने टाकून दिलेली वंशकल्पना मागच्या दाराने आत घेणे, असे त्यांना वाटत होते. खुद्द आंबेडकरांनी १९१६ च्या निबंधात आणि पुन्हा १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये जातीची वांशिक उपपत्ती नाकारली आहे. मग डू बॉइस यांना पत्र लिहिणारे आंबेडकर स्वतःशीच विसंगत होते काय?

इथे साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक जुना भेद उपयोगी पडेल. उपमेत दोन वस्तूंचा भेद मान्य करून साम्य सांगितलेले असते. रूपकात त्यांचा अभेद कल्पिलेला असतो. आंबेडकर डू बॉइस यांना लिहितात ती उपमा आहे: स्थितीतले साम्य. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हाही शूद्रातिशूद्र आणि निग्रो एकाच वंशाचे आहेत, असे त्यांना म्हणायचे नव्हते. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार प्रभृतींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संघटनेने ‘ब्लॅक पँथर’वरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले, तेही याच परंपरेत. मराठीत ही तुलना सव्वाशे वर्षे रुजलेली होती. डर्बनमध्ये दलितांनी उपमा मांडली. सरकारने तिला रूपक मानून तिचे खंडन केले. न केलेल्या विधानाचा बिनचूक प्रतिवाद झाला आणि केलेले विधान अनुत्तरित राहिले.

याहून मोठा विरोधाभास कायद्याच्या मजकुरात आहे. सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ मध्ये झाला. वांशिक भेदभावाच्या त्याच्या व्याख्येत वंश, वर्ण, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांच्या जोडीला ‘डिसेंट’ असा एक शब्द आहे. मराठीत त्याला ‘जन्मकूळ’ म्हणता येईल. हा शब्द घालण्याची दुरुस्ती भारतानेच सुचवली होती. १९९६ मध्ये करारावर देखरेख करणाऱ्या समितीने भारताला सांगितले, की या शब्दाचा अर्थ केवळ वंश असा होत नाही. २००२ मध्ये तिने जातीचा स्पष्ट उल्लेख करून तीच भूमिका विस्ताराने मांडली. भारताने हा अर्थ मान्य केला नाही. उद्देशिका लिहिणारे स्मट्स आणि ‘जन्मकूळ’ हा शब्द सुचवणारा भारत यांची गत एकच झाली. दोघांनी लिहिलेला मजकूर इतरांनी अक्षरशः वाचला.

२००६ च्या सप्टेंबरात भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. डिसेंबरात दिल्लीतील एका परिषदेत पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी अस्पृश्यतेला जगात तुल्य अशी गोष्ट म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदच, अशा आशयाचे उद्गार काढले. भारताच्या पंतप्रधानाने ती उपमा आपल्या तोंडाने उच्चारली होती. अवघ्या दोन महिन्यांनी, २००७ च्या फेब्रुवारीत, जिनिव्हात त्याच समितीपुढे भारताच्या शिष्टमंडळाने जातिभेद या कराराच्या कक्षेत येत नाही, अशी जुनीच भूमिका मांडली. घरात जे सत्य बोलता आले, ते बाहेर बोलता आले नाही. १९४६ मध्ये बरोबर उलटे होते.

८.

या प्रवासातून दोन निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पहिला निंदकाचा: मानवी हक्कांची भाषा हे राष्ट्रांचे एक शस्त्र आहे, सोयीचे असेल तेव्हा उपसायचे, नसेल तेव्हा म्यान करायचे. दुसरा शुचितावाद्याचा: आधी आपले घर स्वच्छ करावे, मग दुसऱ्याविषयी बोलावे. दोन्हींचा शेवट मौनात होतो. जातिभेद संपेपर्यंत भारताने थांबायचे ठरवले असते, तर अम्बिलो रोडवरच्या तंबूंतील माणसांसाठी आमसभेत कोणी बोलले नसते, आणि स्मट्स यांच्या प्रतिनिधींना नेमके तेच हवे होते. निष्कलंक फिर्यादी मिळेपर्यंत खटला उभाच करायचा नाही, असा नियम झाला, तर तो आरोपींच्या फायद्याचा ठरतो.

तिसरी एक वाट आहे. परराष्ट्रधोरणातून कोणताही देश दुसऱ्याला हक्क किंवा लोकशाही बहाल करू शकत नाही. दक्षिण आफ्रिकेला त्या मिळाल्या त्या तेथील लोकांच्या लढ्यातून. देशाला एवढेच करता येते, की तो एखादा मापदंड जगासमोर ठेवतो, त्यासाठी मते मिळवतो, व्यापार तोडतो, चषक सोडतो. पण एकदा ठेवलेला मापदंड ठेवणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. जो तो आपले दुःख त्याच्याशी जुळवून पाहतो. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने आपल्या भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, तो तेथे राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांच्या मागणीवरून. १९४६ मध्ये परदेशातील भारतीयाची तक्रार गोऱ्या राज्यकर्त्यांविरुद्ध होती. आता ती दुसऱ्या भारतीयाविरुद्धही असू शकते. दोन्ही तक्रारींचा आधार एकच आहे, आणि तो आधार उभा करण्यात भारताचा वाटा आहे.

म्हणून १९४६ ची भूमिका किती प्रामाणिक होती, याचा पुरावा १९४६ मध्ये शोधून पुरेसा होणार नाही. तेव्हा बोलणे कठीण होते, पण ऐकणारा आरोपी दुसरा होता. तोच शब्द आपल्या दिशेने परत येतो, तेव्हा देश त्याला ओळख देतो की नाही, यावर त्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा होते. डर्बनमध्ये ती संधी आली होती. कराडला त्याआधी आली होती. नाताळच्या भारतीयांचा प्रश्न हा जगाचा प्रश्न आहे, हे न्यूयॉर्कमध्ये सांगणारा देश खैरलांजीचा प्रश्नही जगाचा आहे असे ज्या दिवशी कोणी न विचारता म्हणेल, त्या दिवशी विजयालक्ष्मी पंडितांनी मिळवलेली ती ३२ मते पोकळ नव्हती, हे स्मट्स यांना दिलेले पूर्ण उत्तर ठरेल.